पूज्यसाहेबांच्या खणातली नोंदवही

मी नोंदवही बोलतेय. पण जरा टेबलाजवळ या आणि वाकून ऐका, कारण माझा आवाज बंद खणातून येतोय. खणाला कुलूप आहे आणि किल्ली साहेबांच्या खिशात.

माझ्या पुठ्ठ्यावर ठळक छापलंय, 'किरकोळ दुखापत नोंदवही'. बांधणी झाली तेव्हा माझ्या दोनशे पानांवर रकाने आखले गेले : तारीख, वेळ, नाव, काय लागलं, कशाने लागलं, काय उपचार केले आणि अगदी शेवटी, पुढे काय केलं. माझ्याबरोबरच्या वह्या शाळांत गेल्या, दुकानांत गेल्या. मी आले हॉस्पिटलांचे कपडे धुणाऱ्या या कारखान्यात. इथे रोज मळक्या चादरींचे, अभ्र्यांचे ढीग येतात. एका खोलीत बायका ते निवडतात, दुसरीकडे ते धुतले जातात आणि तिसरीकडे वाफेच्या मोठ्या रोलरवर त्यांना इस्त्री होते.

पहिलं वर्ष मी मोकळी होते. तेव्हाच्या सुपरवायझर बाईंनी मला हात धुण्याच्या बेसिनजवळ फळीवर ठेवलं होतं, शेजारी दोरीला बांधलेलं पेन. कोणाला ओरखडा आला तरी बाई म्हणायच्या, आधी हात धू, मग लिही. पंधरा दिवसांत तीन बायकांची मनगटं रोलरच्या एकाच कडेला भाजली, हे माझ्यामुळेच त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी त्या कडेला लाकडी पट्टी बसवून घेतली आणि शेवटच्या रकान्यात तसं लिहिलं. त्या दिवशी मला माझ्या जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

बाई निवृत्त झाल्या आणि हे साहेब आले. दर महिन्याला मुख्य कचेरीत एक तक्ता जातो. त्यात दुखापतींच्या चौकटीत साहेबांना शून्य लिहायला आवडायचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला फळीवरून उचललं, "ही इथे भिजेल," म्हणाले आणि खणात टाकून किल्ली फिरवली. सलग कितीतरी महिने तक्त्यात शून्य, म्हणजे जुन्या बोलीत पूज्य, गेलं, तेव्हापासून बायका त्यांना 'पूज्यसाहेब' म्हणू लागल्या. साहेबांना वाटलं, आपल्याबद्दलचा आदर वाढला.

तीन वर्षं मी खणात होते. सोबतीला एक कंगवा, खोकल्याच्या गोळ्या आणि मुदत उलटलेल्या पट्ट्यांची गुंडाळी. फटीतून उजेडाची एक रेघ यायची, तेवढाच माझा दिवस. बाहेर कोणी कळवळलं की मला ऐकू यायचं. माझी पानं कोरी होती, हातभर अंतरावर लिहिण्यासारखं घडत होतं आणि मला साधं फडफडताही येत नव्हतं.

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास निवडखोलीतल्या वहिनी आत आल्या. त्यांची नणंद इस्त्रीवर काम करायची आणि त्यांना वहिनी म्हणायची, म्हणून सगळा कारखानाच त्यांना वहिनी म्हणे. नणंदेला त्या वन्सं म्हणायच्या, म्हणून तीही सगळ्यांची वन्सं झाली होती. दोघी एकाच घरात राहत, पण अलीकडे त्यांचं फारसं बोलणं नव्हतं.

चादरीच्या घडीत इंजेक्शनची सुई राहिली होती, ती हातमोज्यातून बोटात गेली, असं वहिनींनी सांगितलं आणि नोंदवही मागितली. साहेबांनी आपल्या हातांनी बोटाला मलम लावलं. माणूस दुष्ट नव्हता. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, की उद्या तक्ता जायचाय, सोमवारी लिहू. घरी शिवताना सुई टोचत नाही का?

"घरची सुई दुसऱ्या कुणाच्या अंगात जाऊन आलेली नसते, साहेब," वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी मलमाचं झाकण लावलं. वहिनी निघून गेल्या. मी खणाच्या तळाशी तशीच पडून राहिले.

पाव तास झाला असेल. दार उघडलं. पुढे वन्सं होती, मागे वहिनी. वन्सं एरवी साहेबांसमोर मान वर करत नसे.

"मलाही टोचली होती," ती म्हणाली. "सात महिन्यांपूर्वी. तेव्हाही तुम्ही सोमवारी लिहू म्हणालात. तो सोमवार अजून आलेला नाही."

मग तिने जे सांगितलं ते साहेबांसाठी कमी आणि वहिनींसाठी जास्त होतं. त्या दिवसापासून तिच्या मनाने घेतलं होतं, की आपल्या रक्तात काहीतरी वाईट गेलंय. लिहिलंच नाही, म्हणजे झालंच नाही, मग डॉक्टरकडे जाऊन काय सांगणार? म्हणून तिने निवडखोलीतून इस्त्रीवर बदली मागून घेतली. घरी ताट वेगळं केलं, कप वेगळा केला. भाची आत्या, आत्या करत मांडीवर यायची, तिला ती काहीतरी कारण काढून दूर सारायची. वहिनींना वाटत होतं, नणंदेचा आपल्यावर राग आहे.

वहिनी पुढे आल्या. "वन्सं, तुम्ही एवढं एकटीने सोसलंत, आणि मी सगळ्यांना सांगत फिरले की तुम्ही तुसड्या आहात."

मग खिशातल्या किल्ल्या वाजल्या. कुलूप निघालं आणि एवढा उजेड अंगावर आला की मला काही दिसेना. त्यांनी वहिनींची नोंद लिहिली. वन्संची लिहिताना ते अडखळले, जुनी तारीख कशी घालायची म्हणाले. वन्संने सांगितलं, तारीख आजची घाला, पण कशाने लागलं आणि केव्हा, ते मी सांगते तसंच लिहा.

दुपारीच दोघी डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या होत्या; तिथलं मला नंतर त्यांच्या बोलण्यातून कळलं. वहिनी वेळेत पोहोचल्या होत्या, त्यांना एचआयव्हीसारखी लागण होऊ नये म्हणून महिनाभराच्या गोळ्या मिळाल्या. वन्संचं रक्त तपासायला घेतलं आणि बाईंनी तिला सांगितलं, की ताटाने, कपाने, मांडीवर पोर घेतल्याने हे आजार पसरत नाहीत. सात महिन्यांपूर्वी हे सांगायला कोणीतरी लागत होतं, एवढंच.

आठवड्याने वन्सं कागद घेऊन आली. रक्तात काही निघालं नव्हतं. शेवटच्या रकान्यात तसं लिहून घेतलं आणि ती ओळ तिने दोनदा वाचली, बोट ठेवून. काल भाची तिच्या कुशीत झोपली, असं ती साहेबांना म्हणाली. ते लिहायला माझ्यात रकाना नव्हता. वहिनींचे पुढचे अहवालही चांगले आले. ज्या हॉस्पिटलातून ती चादर आली होती तिथे पत्र गेलं आणि निवडखोलीत जाड हातमोजे आले.

मी पुन्हा फळीवर आले. त्या महिन्यात माझ्यात चौदा नोंदी झाल्या. तक्ता गेला आणि मुख्य कचेरीतून फोन आला. साहेब म्हणाले, "जखमा वाढल्या नाहीत सर, लिहिणं वाढलंय." मला त्यांचा फार अभिमान वाटला. मग ते बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. हो सर, बरोबर सर, बघतो सर. फोन ठेवून ते फळीजवळ आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आता मी परत खणात आहे. मागितलं तर साहेब देतात, नाही म्हणायची सोय त्यांना उरलेली नाही. वन्सं मागते, वहिनी मागतात, आणखी दोघीतिघी. पण दर वेळी केबिनमध्ये जायचं, किल्लीची वाट बघत उभं राहायचं, याचा माणसांना कंटाळा येतो. शेवटची नोंद होऊन अठरा दिवस झाले. आज सकाळीच धुलाईकडून कोणीतरी "आई गं" म्हणालं. कोणी विचारलं, काय झालं? उत्तर आलं, काही नाही. माणसाला लागलं की तो पहिलं हेच म्हणतो.

तुम्ही बाहेर आहात. लागलं तर आत येऊन मला मागा. हा खण आतून उघडत नाही.