ऑगस्टाच्या मापाचे बूट

माझ्या डाव्या पायाच्या करंगळीशी हाडाचं एक टेंगूळ आहे, भुईमुगाच्या एकदाणी शेंगेएवढं. ते आजोबांपासून आमच्या घरात चालत आलंय. वारशानं मिळालेली तेवढी एकच वस्तू, असं माझे वडील म्हणत.

मी दहा वर्षांची होते तेव्हा अलाबामातल्या आमच्या गावात बुटांचं दुकान एकच, क्रँडलसाहेबांचं. गोऱ्यांची पोरं तिथे खुर्चीत ऐसपैस बसून चार-चार जोड घालून बघत. आम्हा काळ्यांना ती मुभा नव्हती. आमचा पाय लागला की तो जोड पुन्हा विकला जात नाही, असं साहेब म्हणत. म्हणून आई घरी खाकी कागदावर माझा पाय ठेवायची, भोवतीनं पेन्सिल फिरवायची आणि तो कागद दुकानात न्यायची. कागदाला टेंगूळ कळत नाही. शिवाय पेन्सिलीनं मला गुदगुल्या होत, मी पाय आखडून घेई, आणि मग वर्षभर त्या आखडलेल्या पायाच्या मापाचे बूट घालून हिंडे.

आदल्या वर्षी ईस्टरला चर्चमध्ये कविता म्हणायला उठले, ती अशी वेडीवाकडी पावलं टाकत, की पहिल्या बाकावरच्या सिस्टर ओफीलियांना वाटलं, माझ्यात पवित्र आत्मा संचारला. त्या दोन्ही हात वर करून ओरडल्या, "येऊ दे, देवा, येऊ दे!" त्यांचं बघून आणखी चौघी उठल्या. त्या गदारोळात माझी कविता कोणालाच ऐकू गेली नाही.

ही गोष्ट मी विनीला सांगितली तेव्हा ती हसून हसून ओढ्यात पडली. विनी हॉबगुड माझ्याच वयाची, गोरी. माझी आई त्यांच्या घरी स्वयंपाकाला होती, त्यामुळे रांगायला लागल्यापासून आम्ही दोघी एकत्र. विनी माझ्या आईला 'लूला' म्हणे आणि मी तिच्या आईला 'बाईसाहेब'. आम्हाला दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नसे. ओढ्याच्या चिखलात शेजारी शेजारी पाय उमटवले, तर टेंगूळ सोडून दोन्ही ठसे सारखेच यायचे.

"मग मीच घालून बघते की तुझ्यासाठी," विनी अंग झटकत म्हणाली. "शनिवारी लूला मला बूट घ्यायला नेणारच आहे. तूपण चल."

"आणि टेंगळाचं काय?"

"टेंगळाचं मी बघते."

आईच्या कानावर घातलं तर तिनं पीठ मळता मळताच आम्हाला झापलं. "दुकानात नाटकं नकोत हं! झेला, तू दाराशी तोंड मिटून उभी राहायचंस. आणि विनी, तुझे बूट घेतले की सरळ घरी."

"हो लूला," विनी म्हणाली. इतक्या सरळ 'हो'वरून खरं तर आईनं ओळखायला हवं होतं.

शनिवारी दुकानात गेलो. क्रँडलसाहेब म्हणजे गुबगुबीत, हसतमुख माणूस. गिऱ्हाइकाच्या पायाशी गुडघे टेकून बसत. इतकं लवून वागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. अर्थात कोणापुढे लवायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी विनीला पट्ट्याचे काळे चकचकीत बूट घातले. पहिलाच जोड बसला. आता आई आपला कागद पुढे करणार, तेवढ्यात विनी म्हणाली, "अस्साच आणखी एक जोड द्या, मिस्टर क्रँडल. माझ्या चुलतबहिणीला. ऑगस्टाला."

"ऑगस्टा? ही कुठली गं? मी तर तुमच्या घरातल्या सगळ्यांना ओळखतो."

"तिकडे मोबील शहरातली. तिचा पाय थेट माझ्यासारखा. फक्त डाव्या करंगळीशी टेंगूळ आहे. घोड्यावरून पडली ना!"

"अरेरे! कधी?"

विनीनं जरा विचार केला. "दोनदा," ती म्हणाली.

मी दाराशी ओठ चावत उभी होते. आईनं वर छताकडे पाहिलं, मग कागदाची घडी घालून हळूच पिशवीत सरकवली.

विनीनं फ्रॉकच्या खिशातून भुईमुगाची शेंग काढली, मोजा खाली केला, शेंग करंगळीशी नीट बसवली आणि मोजा वर ओढून पाय पुढे केला. "हं, घाला."

साहेबांनी टाचेशी बूट चढवायची चमची धरून त्या शेंगेसकट पाय बुटात सरकवला. "लागतंय का गं?"

"मला नाही. ऑगस्टाला लागतंय."

दुसरा जोड ऑगस्टाला सैल झाला. तिसऱ्यात पाय घालताना कट्‌कन आवाज आला. साहेब दचकले.

"काही नाही," विनी म्हणाली. "टेंगूळ फुटलं. माझ्याकडे दुसरं आहे."

चौथा जोड मात्र असा बसला, की विनी दुकानभर चालून आली, एक गिरकी घेतली आणि आनंदाच्या भरात सगळं विसरून ओरडली, "झेला, बसला गं! ये, तूच घालून बघ!"

आणि मीही अशी खुळी, की टुणकन त्या खुर्चीत जाऊन बसले आणि पाय घातला.

माझ्या करंगळीला जन्मात पहिल्यांदा जागा मिळाली. मी आत बोटं हलवून पाहिली. "विनी, पाचही हलतायत गं!" मी ओरडले. मी मान वर केली, आईला सांगायला, तर कोपऱ्यातल्या टोपीवाल्या बाईनं आपल्या मुलीला जवळ ओढून घेतलं होतं. क्रँडलसाहेब गुडघ्यांवरून उठून उभे राहिले होते.

ते ओरडले नाहीत. विनीच्या हातावर पेपरमिंटची गोळी ठेवली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग आईकडे वळले. "काय गं लूला, हिचं वय काय?"

"दहा, साहेब."

"मग आता तिला शिकव. मी आपला सोडून देतोय, दुसरा कोणी सोडणार नाही. मालकिणीच्या मुलीला विनी-बिनी चालायचं नाही. मिस विनी. आत्ता, इथेच म्हणू दे."

आईचा हात माझ्या खांद्यावर आला. "म्हण," ती म्हणाली.

"मी चुकले, मिस विनी. तुम्ही रागावू नका."

विनी फिस्सकन हसली. "हे काय गं नवीन?"

पण बाकी कोणी हसलं नाही. "मोठ्यानं," साहेब म्हणाले.

मी मोठ्यानं म्हटलं. या वेळी विनी हसली नाही. तिनं मान हलवली, बाईसाहेब हलवतात तशी, अगदी हळू. गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. आणि मला दिसलं, की तिला ते थोडंसं आवडलं होतं.

"आणि हे बूट तुला घ्यावेच लागतील, लूला," साहेबांनी बजावलं. "नको म्हणून चालायचं नाही. हिचा पाय लागलाय."

आईनं चेहरा असा पाडला, की मलाच वाईट वाटलं. "होय साहेब. आता काय करणार? घेते."

विनी खोका नाचवत पुढे निघाली. पेंडीच्या दुकानाचा कोपरा वळल्यावर आई भिंतीला टेकली आणि हसायला लागली. पोट धरून, आवाज न करता. "नको म्हणून चालायचं नाही म्हणे! अगं, घालून बघून बूट घेतलेली तू आपल्यातली पहिलीच असशील!" तिनं रुमालानं डोळे पुसले. हसणं थांबलं तरी बराच वेळ पुसतच राहिली. मग माझं मनगट करकचून धरलं. "पुन्हा त्या खुर्चीत बसलीस, तर तंगडी मोडून ठेवीन. कळलं?"

ईस्टरला मी ताठ चालत गेले आणि चौदाच्या चौदा ओळी खणखणीत म्हटल्या. सिस्टर ओफीलिया हात वर करायच्या तयारीत बसल्या होत्या, त्यांना काही संधीच मिळाली नाही. "छान म्हटलीस," बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "पण गेल्या वर्षीची सर नाही."

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर विनी माझी वाट बघत होती. दुकानातल्या त्या दिवसानंतर मी तिला हाक मारायचंच टाळत होते. त्यांच्या घरात काही सांगायचं झालं, तर भिंतीकडे बघून सांगे.

"इथे कोणी नाहीये," विनी म्हणाली. "आता नीट बोल. विनी म्हण."

"विनी."

"आणि 'तू' म्हण, 'तुम्ही' नाही."

"तू," मी म्हटलं. पण त्याआधी मागे वळून झाडीत, रस्त्यावर, पुलापर्यंत नीट बघून घेतलं. विनीनं कुठेच बघितलं नाही. तिनं फ्रॉक वर खोचला आणि बेडूक शोधायला पाण्यात उतरली. जरा वेळानं मीही उतरले.