तुंबलेला प्लंबर

चाळीस वर्षं मी लोकांचे तुंबलेले पाइप मोकळे केले. एकही पाइप मला हरवू शकला नाही, हे मी सुनेला दर जेवणाला ऐकवतो. मग शिडीवरून पडलो, खुब्यात सळई बसली, आणि घरी आल्यावर आठ दिवस माझंच तुंबलं.

डॉक्टरांनी दुखण्यावर अफूच्या जातीच्या गोळ्या दिल्या होत्या आणि सोबत पोट साफ व्हायची दोन औषधं. ती पहिल्या दिवसापासून घ्या, असं बजावलंही होतं. मी ती उशीखाली सारली. प्लंबरनं जुलाबाचं औषध घ्यायचं? लोक काय म्हणतील! मी आपला वरून लोटायचा उपाय केला. रोज वाटीभर गव्हाचा कोंडा गिळला. पोटाचा नगारा झाला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझं मात्र काहीच रिकामं होईना.

मग दुसरी अक्कल पाजळली. दुखण्याच्या गोळ्याच बंद केल्या. खुबा असा ठणकायला लागला की जिन्याचा व्यायाम सोडाच, कुशीवर वळता येईना. आणि मला जिना तर चढायचाच होता. लेक तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. पंधराच दिवस आधी तिला मुलगी झाली होती, वेळेआधी, एवढीशी. दोन महिने बाळाला बाहेर काढायचं नाही. माझी पहिली नात मी फक्त फोनवर पाहिली होती, तीही झोपलेली. मला रडू यायचं, आणि रडताना पोट आणखी दुखायचं.

सून औषधांच्या दुकानात काम करते. तिला विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम. पण सासऱ्यानं सुनेजवळ हा विषय काढायचा कसा? शेवटी चादर बदलताना तिलाच बाटली सापडली.

"बाबा, सीलसुद्धा फोडलं नाहीत?"

"पाइप मोकळा करायचं मला शिकवू नकोस."

"पाइपचं नाहीच हे. तुमचा पंप बंद पडलाय. ती गोळी दुखणं झोपवते, तशी आतडीपण झोपवते. आणि पंप बंद असताना तुम्ही वरून कोंडा भरताय!"

आधी पंप बघा, असं मी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांवर ओरडत आलो होतो.

तिनं डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि माझ्यापुढे दोन्ही औषधं ठेवली. "हे आतड्यात पाणी ओढून आणतं, म्हणजे मऊ होतं. ही गोळी आतड्याला ढकलायला लावते. दुखण्याची गोळी परत सुरू करा, आणि ती चालू आहे तोवर ही दोन्ही रोज घ्यायची. कोंडा बंद."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी संडासातून असा ओरडलो, की मी पडलो समजून सून धावत आली.

"झालं!" मी आतून सांगितलं. त्यानंतर आम्हा दोघांत लाजण्यासारखं काही उरलं नाही.

गोळ्या वेळेवर, व्यायाम रोज. तीन आठवड्यांनी, एका हातात काठी आणि दुसऱ्यात कठडा धरून, मी तिसरा मजला गाठला. लेकीनं बाळ मांडीवर ठेवलं. नातीनं माझ्याकडे टक लावून पाहिलं, चेहरा लालबुंद केला, आणि कसलंही औषध न घेता अर्ध्या मिनिटात माझ्या मांडीवर मोकळी झाली.

लेक कपडा आणायला धावली.

"थांब जरा," मी म्हणालो. डोळे भरून आले होते. "शिकू दे मला."