तळहातावरचं रक्त

देवळाली कॅम्पच्या बाजाराबाहेर, लिंबाखाली, माणसांची ही दाटी. शोणितनाथ महाराज पांढऱ्याफटक बायकांच्या तळहातावर रक्त आणत होते. हाताला हळद फासायची, मंत्र पुटपुटायचा, कमंडलूतलं पाणी शिंपडायचं, की पिवळा हात लालभडक. नाडीत कोंडलेलं रक्त मोकळं झालं, असं महाराज सांगत. ते कोंडलं कशानं, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. मागून ढकलाढकली चालली होती.

मल्हारी हमालानं आज गोण्यांच्या हातगाडीवर बायकोला आणलं होतं. सिंधूला सातवा महिना. ओठ पांढरे, दोन पावलं टाकली की धाप. दवाखान्यातल्या डॉक्टर गांगुर्डेबाईंनी लोखंडाच्या गोळ्या दिल्या होत्या, पण त्या घेतल्यावर शौचाला काळं होऊ लागलं. मल्हारीची आई कुसाबाई हादरली. ही करणीच, म्हणून तिनं गोळ्या उकिरड्यावर भिरकावल्या. त्या कोंबड्यांनी टिपल्या, त्यांचंही काळं झालं. करणी कोंबड्यांवर गेली, म्हणून कुसाबाईनं देवाला नारळ फोडला. सिंधू मात्र रोज खचत गेली, आणि मल्हारीला रात्रीची झोप लागेना.

महाराजांनी सिंधूच्या घामेजल्या हाताला हळद फासली. मंत्र सुरू व्हायच्या आतच तिचा तोल गेला. मल्हारीनं नुकतीच तंबाखू मळली होती. त्यानं तसाच तिचा हात धरला. सोडला, तर तळहातावर त्याचा अंगठा लालभडक उमटलेला.

गर्दी मल्हारीच्या पायावर कोसळली. एका म्हातारीनं तर त्याच्यापुढे हातच पसरला.

मल्हारी आपल्या अंगठ्याकडे बघत राहिला. त्यावर चुना होता. त्यानं स्वतःच्या रेड्यासारख्या दंडाला हळद लावली, चुना चोळला. दंड लाल. मग कमंडलूतलं पाणी जिभेला लावलं. जीभ चुरचुरली.

"म्हाराज, ह्ये चुन्याचं पाणी हाय."

"बाळा, चुन्यातही देवच."

"मंग पानाच्या टपरीवर रोज बाटल्याच्या बाटल्या रक्त निघत आसंल."

लोक हसले. तेवढ्यात सिंधू गाडीवरून खाली घसरली, आणि हसू जागच्या जागी विरलं.

मल्हारी गाडी ढकलत दवाखान्याकडे पळाला. मागून सगळी गर्दी. गांगुर्डेबाईंनी सिंधूची पापणी खाली ओढून पाहिली आणि बाहेर येऊन सांगितलं, आत्ता रक्त द्यावं लागेल, कोण देतं? सकाळपासून रक्त बघायला रेटारेटी करणारा रस्ता बघता बघता मोकळा झाला. मल्हारीचं रक्त जुळेना. उरली गाडीमागून चालत आलेली कुसाबाई. तिचं जुळलं. सासू-सुनेचं काही जुळल्याची ही पहिलीच वेळ.

बाटली लागली. सिंधूनं अजून डोळे उघडले नव्हते.

"बाई, गोळ्यांनी काळं व्हाया लागलं, करणी समजून म्या फेकल्या..." कुसाबाई पुटपुटली.

"तो लोखंडाचा रंग होता, कुसाबाई. शरीराला रक्त बनवायला लोखंड लागतं. उरलेलं काळं होऊन पडतं. ही मळ्यात अनवाणी खुरपते. मातीतले जंत पायातून शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात. त्यात पोटातल्या बाळाचा वाटा. जंताचं औषध द्या, गोळ्या द्या, पायात चप्पल घाला."

"वाचंल ना ती?"

"प्रयत्न चाललाय. गोळ्या चालू असत्या तर हा प्रश्न विचारावा लागला नसता." बाईंनी कुसाबाईच्या दंडावर हात ठेवला. "काळं दिसलं त्याच दिवशी मला विचारायला यायचं होतं. कळलं नाही तर विचारायचं. फेकायचं नाही."