पुढच्याला लागेल तेवढंच

एलिशेवा रोहेकर इंग्रजीत तिसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा हॉस्पिटलातल्या निम्म्या लोकांना ती थट्टाच वाटली. मासा पाण्यात बुडाला म्हणून सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार? जिला मराठीत भाजीवाल्याशी धड घासाघीस करता येत नाही, जी स्वप्नातसुद्धा इंग्रजीत भांडते, ठेच लागली तरी जिच्या तोंडून 'आई गं' निघत नाही, ती बाई म्हणे इंग्रजीत नापास.

तिचा जन्मच मुळी इंग्लंडातल्या लीड्सचा. वडील जुडाह रोहेकर पनवेलच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, घराण्यातले. कापडगिरण्यांची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीने त्यांना काही वर्षांसाठी तिकडे नेलं होतं. एलिशेवा सहा वर्षांची असताना काम संपलं आणि बिऱ्हाड परत पनवेलला आलं. पण आई शुलामिथ परत आली ती नुसती देहाने. जिभेने ती लीड्सलाच राहिली. नवीन पनवेलच्या एका शाळेत तिने निवृत्तीपर्यंत इंग्रजी शिकवलं, आणि घरात दुसरी भाषा म्हणून येऊ दिली नाही. कितीक पिढ्या मराठीत जन्मल्या-मेल्या त्या घरात मराठी आता चपलेसारखी उंबऱ्याबाहेर काढून ठेवावी लागे. या मायलेकींचं पुढचं सगळं बोलणं इंग्रजीतच झालेलं आहे. आपल्या सोयीसाठी इथे मराठीत सांगितलंय, एवढंच.

इंग्लंडात नर्स म्हणून नाव नोंदवायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. एलिशेवाने तिकडच्या ऑफिसला सरळ कळवून टाकलं होतं, की इंग्रजी हीच माझी पहिली भाषा, मला दुसरी कुठली धड येतच नाही. उत्तर फार नम्र आलं. तुमचं नर्सिंगचं शिक्षण भारतात झालं, भारत आमच्या इंग्रजीभाषी देशांच्या यादीत नाही, सबब परीक्षा द्यावी. जन्म तिथला, तर तिथली नागरिक म्हणावं, तेही नाही, कारण आईबाप तात्पुरत्या परवान्यावर गेलेले. पनवेलच्या बाजारात तिला मडम म्हणत आणि तिकडे तिला परकी म्हणत. धड ना इकडची, धड ना तिकडची.

ऐकणं, वाचणं, बोलणं या तिन्हींत तिला इतके गुण पडत की दुसऱ्या कोणी पेढे वाटले असते. घोडं पेंड खात होतं ते लेखनात. तिथे एका काल्पनिक रुग्णाची सगळी टिपणं हातात देतात, आणि यापुढे त्या रुग्णाला जो कोणी सांभाळणार असेल त्याला पत्र लिहायला सांगतात. एलिशेवा सगळं लिहायची. रुग्णाने सकाळी चहा नको म्हटलं, दुपारी भाचीचा फोन आला, उशी बदलून दिली, काही म्हणता काही सोडायची नाही. दोष तिचा नव्हता, सवयीचा होता. शिकाऊ असताना मेट्रनने तिच्या डोक्यात एकच वाक्य ठोकून बसवलं होतं: लिहिलं नाही ते केलं नाही. एकदा वॉर्डात एक म्हातारा दगावला, नातेवाइकांनी तक्रार केली, चौकशी बसली, आणि सगळ्या पाळीत एकटी एलिशेवा सहीसलामत सुटली, कारण म्हाताऱ्याने पाणी नाकारल्याचंही तिने लिहून ठेवलं होतं. तेव्हापासून तिचा हात थांबत नसे. ज्या सवयीने नोकरी वाचवली, तीच आता तिला दाराबाहेर पडू देत नव्हती.

आणि तिला बाहेर पडायचं होतं. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण जिन्यावरून उतरताना, वॉर्डात हातमोजे चढवताना, आईची गोळी मोडून अर्धी करताना तिच्या मनात दुसरं काही नसे. वय त्रेचाळीस. लग्नाचं कोणी मनावर घेतलं नाही, मग तिनेही सोडून दिलं. तिच्या माणसांची घरं एकेक करून बंद झाली होती. कोणी इस्रायलात अश्दोदला गेलं, कोणी बीरशेबाला. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहा पुरुष जमवायचे तर पेण-अलिबागला फोन करावे लागत. भाऊ इलान तरुणपणीच इस्रायलला गेला. वडील गेले. जाणारे जातात आणि जी राहते ती राहिलेल्यांचं करते, असा कुठेही न लिहिलेला कायदा तिच्यावर लागू झाला होता, आणि कोणी तिला विचारलं नव्हतं. इलान म्हणायचा, मम्मीला इकडे पाठव. शुलामिथ म्हणायची, या वयात पुन्हा बाराखडीपासून सुरुवात करणार नाही, हिब्रू मला प्रार्थनेपुरती पुरे.

आता यॉर्कजवळच्या एका हॉस्पिटलने एलिशेवाला जागा देऊ केली होती. मार्चअखेरपर्यंत परीक्षेचा निकाल हवा, नाहीतर जागा दुसऱ्याला. तिच्या वयाला पुन्हा कोणी विचारणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं. हे दार बंद झालं की मग पनवेलच, तोच जिना, तोच वॉर्ड, शेवटपर्यंत.

पहिल्या तिन्ही परीक्षा शनिवारी आल्या होत्या, आणि घरात त्यावरून वेगळंच चाललं होतं. रोहेकरांकडे शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लागले की शनिवारी तारे दिसेपर्यंत पेनाला हात लावत नाहीत. हॉस्पिटलची ड्यूटी निराळी. कुणाचा जीव वाचवायचं काम शब्बाथला चालतं, त्याला शुलामिथची कधीच हरकत नव्हती. पण परीक्षा? पहिल्या वेळी एलिशेवा पर्स घेऊन निघाली तेव्हा आईने शांतपणे विचारलं होतं, "यात कुणाचा जीव वाचणार आहे?" माझा, असं एलिशेवाच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ती जिना उतरली. नापास झाल्यावर शुलामिथने 'बघ, मी म्हटलं नव्हतं' असं एकदाही म्हटलं नाही, आणि त्याचाच एलिशेवाला जास्त राग आला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

चौथ्या वेळी तिने बुधवारची तारीख घेतली आणि कामोठ्यातला एक क्लास लावला. क्लास चालवणारी रुचिरा तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, टापटीप, घड्याळाकडे बघून बोलणारी मुलगी. एलिशेवाचं एक पत्र तिने वाचलं आणि सांगितलं की मॅडम, तुमच्या इंग्रजीला मी काय शिकवणार, पण हे पत्र नाही, ही कादंबरी आहे. मग तिने आपली रीत सांगितली. टिपणांवर पेन्सिल धरायची आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: ज्याच्या हातात हे पत्र पडणार, त्याला उद्या यावर काही करायचं आहे का? असेल तर ठेवा, आणि त्याने काय करायचं तेही लगेच पुढच्या वाक्यात मागा. नसेल तर काट मारा.

"आणि रुग्ण काय म्हणाली ते?" एलिशेवाने विचारलं.

"पुढच्याला लागेल तेवढंच," रुचिरा म्हणाली. "बाकीचं खरं असलं तरी गाळायचं."

सुरुवातीला एलिशेवाला काट मारताना चोरी केल्यासारखं वाटे. एका सरावात विधवा बाई होती, मांजर शेजाऱ्यांकडे ठेवून हॉस्पिटलात आलेली; ते मांजर खोडायला तिला पाच मिनिटं लागली. मग हात बसला. मांजरं गेली, भाच्यांचे फोन गेले, चहा गेला. उरलं ते रोग, औषध, आणि कृपया अमुक करावे. महिन्याभरात ती एखादं आख्खं आयुष्य अर्ध्या पानात बसवू लागली, आणि रुचिराने शेवटच्या पत्राखाली दोन रेघा ओढून 'छान' असं लिहिलं.

ती पास झाली. निकाल फोनवर आला तेव्हा ती वॉर्डात होती, आणि तिला आनंद व्हायच्या आधी रडू आलं. घरी आली तर शुलामिथने पोहे भिजवून, गूळ-खोबरं घालून मलिदा केलेला. बेने इस्रायल लोकांत नवस फेडताना करतात तो. नवस बोलली होती का, आणि काय बोलली होती, हे एलिशेवाने विचारलं नाही. शुलामिथ म्हणाली, "तू जा. मी काही लहान नाही."

प्रश्न लहान-मोठ्याचा नव्हता. नर्सला मिळणाऱ्या व्हिसावर नवरा चालतो, मुलं चालतात, आई चालत नाही. एकटीला घरात ठेवावं तर गुडघे तिला न्हाणीघरापर्यंत नेतील याची खात्री नाही. शेवटी कर्जतकडच्या रस्त्याला एक वृद्धाश्रम बघितला. स्वच्छ होता, खिडकीतून आंब्याची झाडं दिसत होती, रात्री नर्स असे. शुलामिथने तिथे वाचायला पुस्तकं आहेत का एवढंच विचारलं आणि मान हलवली. इतकं सोपं जाईल असं एलिशेवाला वाटलं नव्हतं. ते सोपं गेलं हेच तिला टोचत राहिलं. रविवारी सकाळी तिला तिथे पोचवायचं ठरलं. आश्रमाने सांगितलं होतं, तुम्ही स्वतः नर्स आहात तर आईच्या तब्येतीचं एक पत्र तुम्हीच लिहून आणा.

शनिवारी लिहिता येणार नव्हतं, म्हणून एलिशेवाने ते शुक्रवारी दिवे लागायच्या आत लिहून टाकलं. हात असा सरसर चालला की तिचं तिलाच नवल वाटलं. अर्धं पानसुद्धा भरलं नाही.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर शुलामिथ म्हणाली, "दाखव बघू काय लिहिलंस माझ्याबद्दल."

एलिशेवाने कागद दिला. शुलामिथने चष्मा लावला. वाचताना तिचा उजवा हात सवयीने टेबलावर लाल पेन शोधत होता, मग वार आठवला आणि हात मांडीवर परत गेला. श्रीमती शुलामिथ रोहेकर, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका. रक्तदाब. गुडघ्यांची झीज, रात्री आधाराशिवाय उठू देऊ नये. डाव्या कानाने कमी ऐकू येते. उजव्या बाजूने बोलावे. गोळ्यांच्या वेळा. मीठ बेताचे.

"एकही चूक नाही," शुलामिथ म्हणाली. "शाळेत असते तर पैकीच्या पैकी दिले असते."

एलिशेवाने कागद घ्यायला हात पुढे केला, पण आईने तो सोडला नाही.

"एक राहिलंय. झोपेचं."

झोप तर तुला छान लागते, एलिशेवा म्हणाली. काही तक्रार नाही म्हणूनच तर लिहिलं नाही. दुपारपाळी संपवून ती उशिरा घरी येई तेव्हा आई नेहमी भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेली असे. रात्रपाळीहून सकाळी येई तेव्हाही तेच.

"तेव्हा मी झोपलेली नसते," शुलामिथ म्हणाली. "तुझी पावलं जिन्यात वाजली की मी दिवा मालवते. तू उगाच मनाला लावून घेशील म्हणून. तू कडी लावलीस की मग मला झोप लागते." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. वर्गात राहिलेला मुद्दा सांगावा तसं तिने सांगितलं. "हे त्यांना कळवायला हवं ना? नाहीतर मी जागी दिसले की ते उगाच गोळी देतील."

इतकी वर्षं एलिशेवा वैतागून, पाय ओढत तो जिना चढली होती. आपल्याला कोंडून ठेवणाऱ्या घराकडे यावं तसं. आणि वर कोणी अंधारात तिची पावलं ऐकत होतं.

"मग त्यांनी काय करावं असं लिहू, मम्मी?" तिने विचारलं.

शुलामिथने खरोखर विचार केला. चष्मा काढून पुसला. "ते मला नाही माहीत," ती म्हणाली. "नर्स तू आहेस."

संध्याकाळी शुलामिथ आतल्या खोलीत पडायला गेली. गॅलरीतून तारे दिसले, शब्बाथ संपला, तसं एलिशेवाने पेन उघडलं आणि मिठाच्या ओळीखाली लिहिलं: मुलगी घरी आल्याशिवाय रुग्णाला झोप येत नाही. आता पुढच्या वाक्यात, वाचणाऱ्याने काय करावे ते मागायचं होतं. कृपया, असं तिने लिहिलं. त्यापुढे काय लिहायचं ते तिला सुचेना, आणि तेवढ्यावरून ती ओळ खोडायलाही हात उठेना. आत शुलामिथ भिंतीकडे तोंड करून पडली होती, श्वास अगदी संथ चालला होता, आणि ती झोपलेली नाही हे एलिशेवाला आज पहिल्यांदाच कळत होतं.