खुर्चीत दुसरं कुणी

अण्णा रजेवर चालले आहेत, ही बातमी शाखेत कुणाला खरीच वाटेना. कर्ज विभागाची ती खुर्ची आणि अण्णा जोडीनेच जन्माला आले असावेत, असा सगळ्यांचा समज. पाठीमागे त्यांना 'खुंटा' म्हणत. अण्णांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

खरं तर रजा त्यांनी घेतली नव्हती, ती त्यांच्या गळ्यात पडली होती. दोन वर्षांपूर्वी बँका धडाधड बुडाल्या, तेव्हा रस्त्यापलीकडच्या बँकेलाही टाळं लागलं. तिथला कर्ज अधिकारी कधी रजाच घ्यायचा नाही. का, ते नंतर कळलं. बुडीत कर्जं झाकायला तो नवी कर्जं दाखवत होता, आणि त्याच्या टेबलाशी दुसरं कुणी बसलं असतं तर त्याचं बिंग फुटलं असतं. म्हणून आता वरून नियम आला होता. कर्जं देणाऱ्याने वर्षातून एकदा सलग दोन आठवडे बँकेपासून लांब राहायचं. किल्ल्या नाहीत, कॉम्प्युटर नाही, फोनसुद्धा करायचा नाही.

"माझं काम दुसऱ्या कुणाला कळायचं नाही," अण्णा मॅनेजरना म्हणाले.

"म्हणूनच जायचंय," मॅनेजर म्हणाले.

मुख्य कार्यालयातून एक तरुण मॅडम आल्या. अण्णांनी किल्ल्या त्यांच्या हातावर ठेवल्या आणि मागे न बघता घरी गेले.

घरी त्यांनी आधी कपाटं लावली, मग बायकोचं स्वयंपाकघर लावायला घेतलं.

"अहो, तुमची बँक तुम्हाला परत कधी नेणार?" ती म्हणाली आणि त्यांना फिरायला पिटाळलं.

कोपऱ्यावर ट्रकवाला भेटला. त्याच्या पहिल्या ट्रकचं कर्ज अण्णांनीच मंजूर केलं होतं. त्याने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "अण्णा, काही लागलं तर सांगा. माझा मेहुणा वकील आहे."

अण्णांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे गावभर हेच चाललं होतं तर. रजेवर पाठवलं म्हणजे पकडलं, दुसरं काय. उभ्या आयुष्यात नावाला डाग लागू दिला नाही आणि आता हे. त्या रात्री त्यांना घास जाईना.

"तुम्ही काही लपवलंय का?" बायकोने सरळ विचारलं.

"नाही."

"मग जेवा."

रजा संपली. अण्णा बँकेत आले तेव्हा मॅडम त्यांची वाटच बघत होत्या. "सर, तुमचं काम स्वच्छ आहे. एकाचाही हप्ता थकलेला नाही."

अण्णांचा जीव भांड्यात पडला. त्यांच्याच खुर्चीत बसलेल्या मॅडम त्यांना एकदम मुलीसारख्या वाटू लागल्या.

"पण एक सांगायचंय," मॅडम म्हणाल्या. "मी इथं कुणालाच ओळखत नव्हते. म्हणून प्रत्येक कर्जदाराच्या दारात गेले आणि एवढंच विचारलं, की तुमचं मोठं गिऱ्हाईक कोण? ट्रकवाला, खोकी बनवणारा, कॅन्टीनवाली, गणवेश शिवणारा, कामगारांना खोल्या देणारा. सगळ्यांनी गावाबाहेरच्या एकाच मोठ्या कारखान्याकडे बोट दाखवलं."

"मी माणूस बघून कर्ज देतो," अण्णा तडकले. "यातलं एकही माणूस पैसे बुडवणारं नाही."

"माणसं नाहीच बुडवणार, सर. पण कारखाना बंद पडला तर?"

कुणाचा मुलगा कितवीत आहे, कुणाचे गुडघे दुखतात, अण्णांना सगळं माहीत होतं. एकेकाला ओळखता ओळखता सगळे एकत्र कधी दिसलेच नव्हते. पलीकडच्या बँकेचं टाळं हातात धरून रडणारी, तिथं ठेव अडकलेली थोरली बहीण त्यांना आठवली. त्या अधिकाऱ्याने जाणूनबुजून केलं होतं, अण्णांनी नकळत. ठेवीदारांना त्याने काय फरक पडणार होता? त्यांना स्वतःची लाज वाटली.

"अहवालात लिहा हे," ते म्हणाले.

"तुमचं नाव येईल, सर."

"येऊ दे."

मग त्यांनी कर्जदारांसाठी ठेवलेली खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसले. तिथून टेबल भलतंच मोठं दिसत होतं. "कॅन्टीनवालीला हॉस्पिटलचं काम मिळू शकेल, मी बोलतो. ट्रकवाल्याला फळबाजार धरायला लावू. तोवर कारखान्याच्या भरवशावर नवं कर्ज नको, आणि बँकेच्या नफ्यातले थोडे पैसे बाजूला काढून ठेवू."

मॅडम भराभर लिहून घेऊ लागल्या. दोघांचा चहा गार झाला.

पुढच्या वर्षी कारखान्याची एक पाळी खरोखरच बंद झाली. खोकीवाल्याचे हप्ते मागेपुढे झाले, गणवेशवाल्याने बरीच कुरकुर केली. ट्रकवाला मात्र फळांच्या खेपा करण्यात गुंतला होता. बुडालं कुणीच नाही, आणि बँकेच्या दाराशी घाबरलेल्या माणसांची रांग लागली नाही.

मॅडम एव्हाना याच शाखेत, अण्णांच्या शेजारच्या टेबलाशी आल्या होत्या. एके सकाळी त्या घाईघाईने अण्णांकडे आल्या. आता मॅडमच्या सक्तीच्या रजेची पाळी आली होती.

"सर, या महिन्यात नको. माझं काम दुसऱ्या कुणाला कळायचं नाही."

अण्णांनी हात पुढे केला. "किल्ल्या द्या, मॅडम. आणि जाताना कोपऱ्यावर ट्रकवाला भेटेल. त्याला आधीच सांगून ठेवा, वकील नको म्हणून."