मोठ्या मॅडम काय काय करतात

बदलीची शिक्षिका म्हणजे दुसऱ्याच्या दुखण्यावर आपली पोळी भाजून घेणारी बाई, असं म्हणून थोरला भाऊ तिला चिडवायचा. सकाळी फोन वाजला, की कुठल्यातरी सरकारी हायस्कुलात कुणीतरी आजारी पडलंय असं समजायचं आणि तोंडात घास असतानाच पळायचं. आई तर फोनपाशीच बसून असायची. "कुणाचं वाईट व्हावं असं नाही गं म्हणत मी," ती म्हणायची, "पण साधी सर्दी तरी!"

मग एकदाचा फोन आला. इंग्रजीच्या मोठ्या मॅडम जिन्यावरून घसरून पाय मोडून घेऊन बसल्या होत्या आणि त्यांचा नववीचा वर्ग चांगला महिनाभर हिच्याकडे येणार होता. मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "मॅडम करतात तसंच करायचं. नवीन खुळं नकोत. तुम्हाला पुन्हा बोलवायचं की नाही, ते त्या आल्यावर काय म्हणतात त्यावर ठरेल."

हिने ते फारच मनावर घेतलं. वर्गात शिरल्याशिरल्या विचारलं, "मॅडम तास कसा घेतात?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. तिला सगळे वकीलबाई म्हणायचे. "शेवटची दहा मिनिटं गोष्ट वाचून दाखवतात, मॅडम."

"आणि ऐन रंगात आली की पुस्तक मिटतात!" मागून कुणीतरी भर घातली.

काय भली बाई असेल, हिला वाटलं. ती घरून पुस्तक आणून वाचायला लागली. मग कळलं, की उत्तर येत नसेल तर 'उद्या सांगतो' म्हटलेलं मॅडमना चालतं. पुढे कळलं, की चुकीचं इंग्रजी बोलणाऱ्याला कुणी हसलं, तर मॅडम हसणाऱ्यालाच उभं करून बोलायला लावतात. हिने सगळं इमानेइतबारे केलं. तोंडातून ब्र न काढणारी एक मुलगी रोज 'उद्या सांगते' म्हणता म्हणता एके दिवशी खरंच सांगून बसली, तेव्हा वर्गाने बाकं बडवली. हिचा जीव जडला त्या पोरांवर, आणि न पाहिलेल्या मोठ्या मॅडमवरही. घरी तर उठता-बसता त्यांचंच कौतुक.

"फोटो लाव एकदाचा त्या बाईंचा भिंतीवर," भाऊ म्हणाला.

मॅडम परत यायच्या आदल्या दिवशी हिने शिपाईमामांपुढे तेच कौतुक सुरू केलं. मामांनी हातातला झाडू खाली ठेवला.

"गोष्ट? मोठ्या मॅडम? अहो, त्यांच्या तासाला पंखासुद्धा दबकून फिरतो!"

हिने तडक वर्गात जाऊन विचारलं. वकीलबाईने मान खाली घातली.

"पहिल्या दिवशी गंमत केली, मॅडम. नंतरचं मात्र... आम्हाला खरंच हवं होतं."

यावर रागवायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवशी ही वर्ग परत सोपवायला गेली, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत काठी टेकत मोठ्या मॅडम आल्या. चेहरा करारी.

"फाटकातच एका पोरीने अडवलं मला. गोष्टीत पुढे काय होतं, ते आज तुम्ही वाचाल का म्हणे. मी गोष्टी वाचते?"

हिने सगळं सांगितलं, अगदी शेवटपर्यंत. "मला पुन्हा नका बोलावू हवं तर. पण पोरांना रागावू नका. वाईट मनाची नाहीत हो ती."

मॅडम खिडकीकडे वळल्या.

"इतकी वर्षं शिकवतेय," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांना काय हवंय, ते मला कधी कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही म्हणा."

मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"माझ्या जागी यापुढे तुम्हालाच बोलवा, असं सांगणार आहे मी. आता बसा इथे. तास सुरू व्हायला फार वेळ नाही. आणखी काय काय करते मी, ते भराभर सांगा."