कमलबाईंच्या गुडघ्यातला पहारेकरी

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. मी केसाहूनही बारीक असा एक मज्जातंतू. पारोळ्याजवळच्या एका गावात, कमलबाईंच्या उजव्या गुडघ्यात राहतो. इजा झाली की मेंदूला कळवायचं, हे माझं काम. तुम्हाला ते वेदना म्हणून जाणवतं.

आयुष्यातली कित्येक वर्षं मी झोपलेलाच होतो. सांध्यात माझ्यासारखे बरेच असतात. सूज येईपर्यंत ते जागे होत नाहीत. कमलबाई दिवसभर वाकून कापूस वेचायच्या, डोक्यावर ओझं घेऊन बांध ओलांडायच्या, आणि मला पत्ताही नसायचा.

मग त्यांना संधिवात झाला. गुडघा सुजला, मी जागा झालो, तो जागाच राहिलो. सुजेतल्या रसायनांनी मला इतकं हळवं केलं, की पुढे नुसतं लुगडं घासलं तरी मी ओरडू लागलो. खरं संकट कुठलं आणि खोटं कुठलं, हे माझं मलाच कळेना. पहारेकऱ्याला याहून मोठा घोर कोणता?

घरच्यांनी आधी औषधपाणी केलं. नंतर सगळ्यांना सवय झाली. "माय, तुनं तर रोजच दुखस," मुलगा अमृत म्हणायचा. गोळ्या संपल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत.

शेजारच्या सुनंदाबाईंनी मायेपोटी गुडघ्यावर बिब्बा घातला. कातडी भाजली, फोड फुटून चिघळला आणि त्या जखमेतून जंतू सांध्यात उतरले. आत पू साचू लागला. हाडांवरची मऊ कूर्चा जंतू कुरतडू लागले. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. पण ओरडण्याखेरीज दुसरी भाषा माझ्याकडे कुठे होती? लुगडं घासल्यावरही मी असाच ओरडत होतो ना!

"उतरी जाई," अमृत म्हणाला. कमलबाईही ओठ दाबून पडून राहिल्या.

सकाळी सून सारिका चहा घेऊन आली. कमलबाईंनी कप हातात घेतला नाही. सारिका जवळ बसली.

"आई, रोजनंच दुखनं शे, का आज न्यारं शे?"

असं त्यांना बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

"न्यारं शे," त्या म्हणाल्या. "आतमा आग शे. पाय हलत नही."

सारिकाने एका गुडघ्याला हात लावला, मग दुसऱ्याला; उजवाच तापला होता. उठून ती अंगणात गेली. "गाडी काढा. धुळे जानं शे."

"उद्या जाऊत. आज फवारनी शे," अमृत म्हणाला.

"फवारनी उद्या करा."

रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला कमलबाईंचा जीव कासावीस होई आणि माझाही. पोहोचेपर्यंत सांधा टिकेल का, एवढीच मला धास्ती. धुळ्याच्या डॉक्टरांनी सुई घालून पाहिलं, तर घट्ट पिवळा पू आला.

"आज आणलंत हे बरं केलंत," ते म्हणाले. "उशीर झाला असता, तर जिवावर बेतलं असतं."

सांधा आतून धुऊन काढला. अमृत आईच्या पायथ्याशी येऊन बसला. "माले वाटनं, रोजनंच शे," तो खाली मान घालून म्हणाला.

"माले बी तसंच वाटनं," कमलबाई म्हणाल्या.

गुडघा वाचला, पूर्ण वाकत मात्र नाही. संधिवाताची औषधं आता नेमाने चालू आहेत, सूज उतरली आहे. पण मी पूर्वीसारखा निर्धास्त नाही. त्या खाटेवरून उठू लागल्या, की कारण नसतानाही मी कळ मारतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाचं तरी रोज दुखत असेल. माझं सगळंच खरं मानू नका, पण मला दटावून गप्पही करू नका. जवळ बसा, हात लावून पाहा, आज काय वेगळं आहे ते विचारा. कारण ज्या दिवशी मी खरं सांगत असेन, त्या दिवशीही माझा आवाज हाच असेल.